बांधाकडच्या सऱ्या दरवर्षी मार खातात? कुऱ्हाड काढण्याआधी हे तपासा

माझं रान कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, भोगावती नदीपासून दीडेक किलोमीटर आत. सव्वा एकर, मध्यम काळी माती, विहिरीचं पाणी आणि आज्ज्यापासून ऊस. दक्षिणेचा बांध सामाईक, पलीकडे तात्यांचं रान. तक्रार एकच आणि दरवर्षी तीच. बांधाला लागून असलेल्या पहिल्या पाच सऱ्या मागं पडतात. बाकीचा ऊस डोक्यावर गेलेला असतो तेव्हा इथला छातीला लागतो.

पाच सऱ्या म्हटलं की किरकोळ वाटतं. साडेचार फुटी सरी, पाचांचे साडेबावीस फूट, लांबी दोनशे फूट. चार गुंठ्यांच्या वर जागा होते. गुंठ्याला टन देणाऱ्या रानात इथं निम्माच निघाला तर दोन टन गेले, आणि टनाला तीन हजार धरले तरी सहा हजार रुपये. बेणं, खत, पाणी, भांगलण मात्र पुऱ्या रानाच्या भावानंच.

बांधावर झाडं आहेत. पश्चिमेच्या टोकाला तात्यांच्या सहा निलगिरी, मधल्या टप्प्यात गिरिपुष्पाची रांग, पूर्वेच्या टोकाला एक थोराड कडुनिंब आणि दोन बाभळी. निलगिरी स्वतःच्या असूनही तात्यांनी निदान कधी लपवलं नाही. "अरं, ती इख सोडती रानात. तिच्या बुडाला गवात तरी उगवतंय का बघ."

मलाही ते पटलं होतं. तीन वर्षं मी त्या विषावर इलाज करत राहिलो. जादा युरिया टाकला, जादा पाणी दिलं, को ८६०३२ ही उसाची जात काढून फुले २६५ ही दुसरी लावून बघितली. एका दुकानातनं जमीन सुधारायचं म्हणून काळं द्रावण आणून आळवणी केली, म्हणजे उसाच्या बुडाशी ओतलं. सुधारणा झाली ती दुकानदाराची. चौथ्या वर्षी बोलणी कुऱ्हाडीपर्यंत आली, आणि तेव्हा मी पहिल्यांदा वही-पेन्सिल घेऊन रानात गेलो. जे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं ते.

नकाशा काढा, आठवणीवर जाऊ नका

टेप घेऊन बांधाच्या कडेनं दर दहा फुटांवर एक काडी रोवली. वीस ठिकाणं झाली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सरीतल्या उसाची उंची, फुटवे आणि मधल्या कांडीची लांबी लिहून घेतली. दोन तासांचं काम. ते संपलं तेव्हा कळलं की "बांधाकडच्या पाच सऱ्या" असा काही आजार माझ्या रानात नव्हताच.

पश्चिमेचे सत्तर फूट, म्हणजे निलगिरीसमोर, पाचही सऱ्या सरसकट बुटक्या. कांडी दोन-तीन इंचांची. मधले ऐंशी फूट, गिरिपुष्पासमोर, अगदी ठीक. पहिली सरीसुद्धा रानाच्या मध्यासारखीच, उलट पान जरा जास्तच काळपट हिरवं. पूर्वेचे पन्नास फूट कडुनिंबासमोरचे, आणि तिथं वेगळाच प्रकार. सरसकट काही नाही, इथं उसाचं एक बेट वाळलेलं, तिथं दोन बेटं पिवळी, मध्येच एखादं धडधाकट.

म्हणजे एक दुखणं नव्हे, दोन. लांबून दोन्ही सारखी दिसत होती एवढंच. तुमच्याकडे असा त्रास असेल तर हा नकाशा आधी काढा, आणि नुकसानीचा आकार बघा. पट्टा असेल तर कारण बहुतेक झाडाच्या मुळांशी किंवा सावलीशी असतं. ठिपके असतील तर कुणीतरी खातंय किंवा काहीतरी सडतंय.

कधी दिसतं, तेही लिहा

महिना अर्धं निदान करतो. मार्गशीर्ष-पौषात फरक पडत असेल तर सावली बघा. फाल्गुन-चैत्रात, पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत दुपारी पानं सुरळी करत असतील तर तहान. आणि श्रावण-भाद्रपदात, पायाखाली चिखल असताना ऊस वाळत असेल तर पाण्याचा विचार सोडून द्या आणि खोऱ्यानं मूळ उकरून बघा. लागणीनंतर उगवणच विरळ असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा दोष बेण्याचा असतो. शेजारच्या झाडाला उगाच मध्ये ओढू नका.

सावली: सगळ्यात सोपी तपासणी

कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, नंतर उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. डिसेंबरच्या शेवटी तो दुपारी बारालाही जेमतेम पन्नास अंशांवर असतो. म्हणजे पन्नास फुटी झाडाची भर दुपारची सावली चाळीस-बेचाळीस फूट उत्तरेला पडते. झाडं तुमच्या दक्षिणेच्या बांधावर असतील तर थंडीभर ती सावली तुमच्याच रानात. जूनमध्ये तीच सावली दक्षिणेला तात्यांच्या रानात जाते, पण सहा फुटांच्या पुढं सरकत नाही. बांधावरून भांडणारे लोक बहुतेक उन्हाळ्यात भांडतात, त्यामुळं हा हिशोब कुणी मांडत नाही.

सावलीतला ऊस ओळखायचा कसा? तो खुंटत नाही, उलट सुटतो. उजेडाच्या शोधात कांडी लांब होते, ऊस बारीक राहतो, फुटवे कमी, आणि सगळा फड उजेडाकडे झुकतो. तहानलेला ऊस बरोबर उलटा. कांडी आखूड, पान अरुंद, ऊस ताठ पण बुटका. एवढा एक फरक ध्यानात ठेवलात तरी निम्मे वाद मिटतात. माझ्या निलगिरीपुढची कांडी आखूड होती. म्हणजे सावली नव्हे. निलगिरीचं पान तसंही खाली लोंबतं, त्यामुळं उजेड बराच गळून येतो. कडुनिंबापुढं मात्र जी धडधाकट बेटं होती ती लांबट आणि झुकलेली. तिथं सावली थोडा हात मारत होती, पण बेटं वाळवणारी ती नक्कीच नव्हती.

तहान: दोन फुटी खड्डा

निलगिरीच्या खोडापासून मोजून वीस फुटांवर, तिसऱ्या सरीच्या वरंब्यात, मी दोन बाय दोनचा खड्डा घेतला. दीड फुटावर अंगठ्याएवढी जाड मुळी आडवी गेलेली. ती सरळ गेली नव्हती, सरीला धरून गेली होती. ज्या बाजूला मी पाणी सोडतो त्याच बाजूला तिला केसासारखी बारीक मुळं फुटलेली, आणि लागणीच्या वेळी टाकलेल्या शेणखताचं एक ढेकूळ होतं त्यात तर ती इतकी गच्च बसली होती की ढेकूळ उचललं तसं अख्खं जाळंच हातात आलं. तीन वर्षं मी जादा खत-पाणी कुणाला घालत होतो ते तिथं उकिडवं बसून कळलं.

मग ओलीची परीक्षा. पाणी दिल्यावर आठव्या दिवशी दोन फुटांवरची माती मुठीत दाबायची. मधल्या टप्प्यातल्या मातीचा लाडू वळला. निलगिरीपुढची माती बोटांतून सांडली. पाणी त्याच दिवशी, त्याच मोटारीचं.

उसाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात. तिथंच निलगिरीचीही आडवी मुळं पसरतात, शिवाय तिची खाली जाणारी वेगळी. ऊस पाळीपाळीनं पितो, झाड बारा महिने पितं. यात विष कुठंच येत नाही. एकाच ताटात दोघे जेवायला बसले आणि एकाचा हात लांब, एवढाच मामला.

इलाज चराचा. मी माझ्या बाजूला, बांधापासून पाच फूट सोडून, सत्तर फूट लांब आणि साडेतीन फूट खोल चर जेसीबीनं काढला. मुळं तुटली, तुटलेली टोकं कोयत्यानं साफ केली. चरात शेततळ्याचा फाटका प्लॅस्टिक कागद उभा लावला आणि माती परत ओढली. खोडाला अगदी खेटून चर घेऊ नका. एका अंगाची मुळं तुटलेलं झाड एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात कलंडतं, आणि ते कुणाच्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही. तात्यांना आधी सांगून, त्यांच्यासमोर चर काढला. तेही बांधावर बसून बघत होते. मुळी दाखवली तेव्हा म्हणाले, "हे तर आमच्याच बैलानं खाल्लं म्हणायचं."

पुढच्या हंगामात तिसरी, चौथी, पाचवी सरी रानाला मिळाली. दुसरी जवळजवळ. पहिली अजून मागं आहे, ती माझ्या मते राहणारच.

विषाचं काय मग?

तात्या अगदीच चूक नव्हते. झाडं रसायनं सोडतात आणि त्यानं शेजारची रोपं खुंटतात, ही गोष्ट खरी आहे. हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३७ साली त्याला अ‍ॅलेलोपॅथी हे नाव दिलं. अक्रोडाच्या झाडातलं जुग्लोन हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. टोमॅटो त्याच्याजवळ तग धरत नाही. आपल्या ज्वारीची मुळंही सॉर्गोलिऑन नावाचा तेलकट पदार्थ सोडतात आणि बारीक तण दाबतात. बांधावरच्या गाजर गवतात पार्थेनिन असतं, त्याचं काम तेच. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन.

पण रसायन पानात आहे म्हणजे रानातलं नुकसान त्यानंच झालं, असं होत नाही. म्हणून मी घराच्या स्लॅबवर पिशव्या मांडल्या. रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या घेतल्या, सहांत निलगिरीखालची माती, सहांत मधल्या टप्प्यातली, सगळ्यांत मेथी आणि मूग. ऊन सारखं, पाणी सारखं. रानात जी झुंज असते, म्हणजे सावली आणि मुळं, ती इथं नाही. उरलं तर मातीतलं विषच उरणार.

उगवण सारखी झाली. वीस दिवसांनी निलगिरीच्या मातीतली मेथी बोटभर कमी होती. तिथल्या तीन पिशव्यांत चिमूटभर युरिया पाण्यातून दिला, आणि आठवड्यात त्या बरोबरीला आल्या. म्हणजे माती विषारी नव्हती, उपाशी होती.

हौस म्हणून आणखी तीन पिशव्या केल्या. निलगिरीचा ओला पाला ठेचून रात्रभर पाण्यात ठेवला आणि त्या गाळलेल्या पाण्यावर मेथी टाकली. तिथं मात्र दाणे खरंच कमी उगवले. प्रयोगशाळेतले बरेचसे प्रयोग याच धर्तीचे असतात, म्हणून त्यांचे निकाल इतके जोरदार दिसतात. रानात कुणी पाल्याचा काढा करून ओतत नाही. तिथं पाऊस ते धुऊन नेतो, मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. दाट सुका पालापाचोळा पडलेला असेल, वर वळवाची एखादीच सर झाली असेल आणि तिथं तुम्ही मेथी-कोथिंबिरीसारखं बारीक बी टाकलं तर त्रास होईल. तीन डोळ्यांच्या उसाच्या टिपरीला त्याचं फारसं काही वाटत नाही.

यावरून कॅलिफोर्नियातली एक गोष्ट. तिथं साल्व्हिया नावाचं सुगंधी झुडूप असतं, आपल्या तुळशीच्या कुळातलं. त्याच्या भोवती मीटर-दोन मीटर पट्ट्यात गवताची काडी उगवत नाही, अगदी कंपासनं वर्तुळ काढल्यासारखं. १९६४ साली मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की झुडपाच्या पानातून उडणारी वाफ शेजारच्या रोपांची वाढ रोखते. सगळ्यांना पटलं, कारण वास तर येतच होता. १९७० मध्ये बार्थोलोम्यू या संशोधकानं त्या उघड्या पट्ट्यात तारेचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्याच्या आत गवत उगवलं. झुडपात ससे, उंदीर आणि पाखरं आसऱ्याला असत आणि भीतीपोटी झुडपापासून लांब न जाता जवळचंच खात. पुढं यावर वाद चालू राहिले, पण मला घेण्यासारखं सापडलं ते असं की झाड स्वतः काही न करता, खाणाऱ्याला घर देऊनही शेजाऱ्याचं वाटोळं करू शकतं.

हे वाचलं त्याच आठवड्यात मी पूर्वेच्या टोकाला खोरं घेऊन गेलो.

कडुनिंबाखालचं प्रकरण

भाद्रपद चालू होता. वाळलेल्या बेटातला एक ऊस धरून ओढला, तो काहीच जोर न लावता वर आला. बुडाला मुळं नाहीत, पेन्सिल छिलावी तसं बूड कुरतडलेलं. फूटभर उकरलं. एका बेटाखाली चार हुमण्या, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळ्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या.

हुमणी उसावर कशी येते हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे, पण ती बांधावरच्या झाडामार्गे येते हे डोक्यात बसत नाही. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि थेट कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जातात. तिथं पाला खातात, तिथंच जुळतात, आणि मादी परत झाडाच्या आसपासच्या भुसभुशीत ओल्या मातीत अंडी घालते. एक मादी पन्नास-साठ अंडी सहज घालते. अळी आधी कुजलेलं खाते, मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठी होऊन मुळं. म्हणून नुकसान पावसात दिसतं, आणि माणूस म्हणतो मर लागली. ज्या झाडाचा अर्क आपण कीडनाशक म्हणून फवारतो त्याच झाडाचा पाला हे भुंगेरे आवडीनं खातात. कडुनिंबावर विश्वास ठेवणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो.

म्हणजे कडुनिंबानं माझ्या उसाला काही केलं नव्हतं. त्यानं खानावळ उघडली होती, आणि खानावळीतली पोरं हात धुवायला माझ्या रानात येत होती.

झाड तोडून प्रश्न सुटत नाही; भुंगेरे शंभर फुटांवरची बाभूळ शोधतात. उलट झाड असल्याचा फायदा घ्यायचा. ते सगळे एका जागी, ठरल्या वेळी जमतात, तिथंच गाठायचे. पहिल्या वळवानंतर रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, झाडाखाली जुनं ताडपत्रीचं पान अंथरायचं, आकडीनं फांद्या झोडायच्या, पडलेले भुंगेरे बादलीत. बादलीत पाणी आणि वर थोडं रॉकेल. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलची धार.  अंडी घालायच्या आधी हे झालं तरच कामाचं, म्हणजे पहिले आठ-दहा दिवस. एकट्यानं करू नका. शिवारातल्या चार झाडांपैकी एक झोडलं तर बाकी तिघांवरचे तुमच्याकडे येणारच. शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळून पावसाळ्याच्या तोंडावर सऱ्यांत टाकली, तीही अळीला लागते, पण ओल टिकलेली पाहिजे.

मधला टप्पा का बरा?

बिघडलेलं बघताना बरं असलेलं बघायचं राहून जातं. गिरिपुष्पाच्या रांगेखाली काय चाललंय ते मी सगळ्यात शेवटी तपासलं, खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

गिरिपुष्प शेंगवर्गी. मुळांवर गाठी, गाठींत जिवाणू, ते हवेतलं नत्र बांधतात. पण मुळातून ते नत्र गपचूप उसाला मिळतं अशी समजूत करून घेऊ नका. जिवंत झाड स्वतःचं नत्र फारसं फुकट वाटत नाही. मिळतं ते मुख्यतः पाला पडून, मूळ मरून, कुजून. मी वर्षातून दोनदा ती रांग छातीएवढी छाटतो आणि पाला जवळच्या सरीत टाकतो. छाटणीमुळं तीन गोष्टी झाल्या होत्या, ज्या मी ठरवून केलेल्याच नव्हत्या. सावली पडत नव्हती, वर छाटल्यानं खालचीही बारीक मुळं मरून आखूड राहत होती, आणि पाला रानात येत होता. छाटणी बंद करा आणि तीन वर्षांनी बघा, हेच गिरिपुष्प निलगिरीच्या पंगतीला बसलेलं असेल.

शेजार चांगला की वाईट हे झाडावर जितकं ठरतं तितकंच जागेवर. बर्टनेस आणि कॅलवे या दोघांनी १९९४ साली मांडलेला एक विचार आहे. जागा जितकी खडतर तितकी शेजाऱ्याची मदत मोलाची, जागा जितकी सुखाची तितकी झुंज जास्त. आपला जिल्हा या कामाला उत्तम. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळला पाचशेच्या आसपास. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात झाडं उजेडासाठी एकमेकांच्या उरावर चढतात. उंबर-पिंपळाची जात तर दुसऱ्याच्या फांदीवर जन्म घेऊन त्यालाच वेढते. आणि पन्हाळा-जोतिबाच्या उघड्या उतारावर जांभळाचं रोप कुठं जगलेलं दिसतं? करवंदीच्या जाळीत. काटे आहेत म्हणून शेळी तोंड घालत नाही, सावली आहे म्हणून एप्रिल निघतो. पुढं तेच जांभूळ वर जाऊन करवंदीचा उजेड अडवतं, तो भाग वेगळा. माझ्या बारमाही पाण्याच्या रानात मात्र ताटात वाढलेलंच असतं, म्हणून इथं झुंज दिसते.

आंतरपिकालाही हेच लागू. आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसात सोयाबीन चालतं, कारण ऊस अजून लहान असतो आणि सोयाबीन शंभरेक दिवसांत, मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवण्याच्या आत निघून जातं. ऑक्टोबरच्या लागणीत हरभरा तसाच. मका घातला तर ऊस मार खातो. दोघे एकाच जातकुळीचे, भूक तीच आणि वेळ तीच, वर मका आधी उंच. सोयाबीनची मुळी उपटून गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी असेल तर कामावर आहे, हिरवट-पांढरी असेल तर नुसती जागा अडवून बसलीय.

हेही एकदा बघून घ्या

खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेल्या उसात, पाचट (वाळलेला पाला) ठेवलं आणि ऊस पिवळा पडला तर बांधाकडे बघू नका. पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत पाचटावर टाकलं की मामला सुटतो.

ज्वारीत, आणि कधीकधी उसातही, ताटाच्या बुडाशी बारीक फुलांचं नाजूक रोप दिसलं तर तो टारफुला. दिसायला निरुपद्रवी, पण मुळं यजमानाच्या मुळात घुसवलेली. त्याचं बी धुळीसारखं, मातीत दहा वर्षंही पडून राहतं, आणि यजमानाच्या मुळातून सुटणारं रसायन लागल्याशिवाय उगवत नाही. ते रसायन १९६६ साली पहिल्यांदा सापडलं ते गंमत म्हणजे कापसाच्या मुळात, आणि कापसावर तर टारफुला जगतच नाही! म्हणजे कापूस त्याला हाक मारतो आणि दार लावून घेतो. अशा रानात एखाद-दुसरं वर्ष कापूस किंवा भुईमूग घेऊन बी फसवून उगवू द्यायचं, आणि उसातला दिसेल तो फुलायच्या आत उपटायचा. फुलल्यावर उपटून त्याचीच पेरणी होते.

भाजीत सूत्रकृमीसाठी, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांसाठी, झेंडू लावा म्हणतात. खरं आहे, पण झेंडूच्या मुळातलं रसायन मुळाच्या आसपासच काम करतं. वांग्याच्या कडेनं दसऱ्यापुरती एक ओळ लावली तर फुलं मिळतील. सूत्रकृमी कमी करायचे तर आख्ख्या तुकड्यात दाट झेंडू दोन-तीन महिने ठेवून मग भाजी.

सध्या कुठवर आलंय

चर काढून दोन वर्षं झाली. गेल्या पौषात परत एक खड्डा घेतला, तर कागदाच्या खालून वळसा घालून दोन करंगळीएवढ्या मुळ्या माझ्याकडे आलेल्या. साडेतीन फूट कमी पडले. यंदा चर चार-साडेचार फुटी करायचा आहे. पहिली सरी मी सोडून दिली. तिथं ऊस लावण्यापेक्षा तोडणीच्या वेळी ट्रॅक्टर-ट्रॉलीला वाट झाली, आणि दरवर्षी ट्रॉली घालायला जो मधला ऊस आधी तोडावा लागायचा तो वाचला. कडुनिंबाच्या सावलीतल्या दोन सऱ्यांत हळद घातलीय. हळदीला अर्धवट सावली सोसते. गड्डा कसा भरतोय ते काढणीला कळेल.

मेमध्ये वळीव झाला त्या संध्याकाळी तात्या स्वतः आकडी घेऊन आले. नातवाला बॅटरी धरायला लावली. पहिल्या झोडप्याला ताडपत्रीवर गारा पडल्यासारखा आवाज झाला, आणि तात्या बादलीत वाकून बघत म्हणाले, "हे एवढं सगळं माझ्या झाडावर जेवायला होतं व्हय रं?"

एका संध्याकाळी पाऊण बादली. पलीकडच्या शिवारातल्या दोन बाभळी अजून कुणी झोडत नाही.